पुराव्याचा रकाना

माझ्यापुढे चार पानांचा एक मजकूर आहे. ती कविता नाही, कथा नाही, आत्मकथनही नाही. आमच्या शहरातील एका खाजगी समुपदेशन केंद्रात पहिल्यांदा जाणाऱ्याच्या हाती तो पॅडला लावून देतात. वर ठळक अक्षरांत लिहिले आहे : ‘उपचार सुरू करण्यापूर्वी’. असल्या मजकुराची समीक्षा कोणी करीत नाही, आणि ती वाङ्मयीन नियतकालिकात छापावी काय, हाही प्रश्न आहे. परंतु मी तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकविली. वाचायची दुसरी रीत मला येत नाही. शिवाय ज्या मजकुराखाली माणसाला सही करावी लागते, तो कवितेपेक्षा अधिक काळजीने वाचला पाहिजे असे मला वाटते.

हे लिहायला कारण झाला एक विद्यार्थी. एम.ए.ला राखीव जागेवर आलेला, वसतिगृहात राहणारा, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा असा तो मुलगा आहे असे त्याच्या शिक्षकांनी मला सांगितले होते. एका संध्याकाळी तो घरी आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला आणि चप्पल घालता घालता म्हणाला, “सर, त्या समुपदेशनवाल्यांकडं जावं का? अन् गेलं तर सांगायचं काय असतंय तिथं?” मी त्याला उत्तर दिले नाही. ‘बघू’ म्हणालो. दीड वर्षापूर्वी मी स्वतः तिथे गेलो होतो, हे घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते, आणि ते त्याला सांगताना माझी जीभ अडली. पुढे जे लिहीत आहे ते त्याला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

प्रथम त्या मजकुराविषयी. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय, विवाहित की अविवाहित, झोप, भूक, व्यसन. नंतर ‘माझ्या अडचणी’ असे शीर्षक आणि खाली चौकटी : चिंता, उदासी, राग, नातेसंबंध, कामाचा ताण, आत्मविश्वासाचा अभाव. लागू असेल तेथे खूण करायची. प्रत्येक मजकुराला एक नायक असतो. याही मजकुराला आहे. त्याला बायको आहे, कचेरी आहे, आईवडिलांशी थोडे वितुष्ट आहे. त्याला गाव नाही, वस्ती नाही, दाखला नाही. त्याला कोणी आडनाव विचारीत नाही. हा गृहस्थ मला ओळखीचा वाटला. सत्तर-ऐंशी साली आपण ज्या खोलीतल्या, स्वतःच्याच मनाभोवती फिरणाऱ्या मध्यमवर्गीय कथानायकावर आक्षेप घेत होतो, तोच हा. कथेतून त्याला आपण बाहेर काढले. तो येथे येऊन बसला आहे. त्याचे दुःख खोटे आहे असे मी म्हणत नाही. त्याच्या मापाने शिवलेला सदरा सगळ्यांना घालायला देतात, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसऱ्या पानावर एक प्रश्न आहे : ‘कुटुंबात कोणाला मानसिक आजार होता काय?’ मी ‘नाही’ लिहिले. माझ्या आजीच्या अंगात येत असे. आषाढात ती केस मोकळे सोडून घुमायची, आणि एरवी तिच्यावर हात उगारणारा आजा त्या दिवशी तिच्यापुढे हात जोडून उभा राहायचा. हा आजार होता काय? बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ मध्ये अंगात येणाऱ्या बायांची जी चित्रे आहेत ती ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. वर्षभर ज्या सुनेचे कोणी ऐकत नाही, तिचे ऐकले जाण्याचा तोच एक दिवस होता. १९५६ नंतर आमच्या घरातील देव्हारा गेला, घुमणे गेले. ते गेले हे योग्यच झाले. परंतु त्या बाईचे ऐकण्यासाठी त्या जागी आपण काय ठेवले, हा प्रश्न मला त्या कोऱ्या ओळीपुढे पेन धरून बसलो असताना पहिल्यांदा पडला.

माझी तक्रार साधी होती. २०२१ मध्ये निवृत्त झालो आणि २०२३ उजाडेपर्यंत झोप गेली. रात्री दोनला जाग यायची ती पहाटेपर्यंत. एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचे : तोंडी परीक्षा चालू आहे, परीक्षक माझे नाव वाचतात, एकमेकांकडे पाहतात आणि प्रश्नच विचारीत नाहीत. मुलीने वेळ ठरविली. एका बैठकीचे बाराशे रुपये, पन्नास मिनिटे. समुपदेशक बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. बोलणे मृदू, मला ‘सर’ म्हणणाऱ्या. त्यांचे आडनाव मी दारावरच वाचले होते. आपण सगळेच ते आधी वाचतो. माझे आडनाव गावावरून पडलेले. त्यावरून काही कळत नाही.

एक गोष्ट त्यांनी चांगली केली. बोलण्याला सुरुवात करण्याआधी मला मनोविकारतज्ज्ञाकडे धाडले. त्यांनी थायरॉइड, साखर, रक्तदाब तपासले, चालू असलेल्या गोळ्या विचारल्या, आणि मगच हा झोपेचा प्रश्न बोलण्याने हाताळण्यासारखा आहे असे सांगितले. झोप न येण्यामागे शरीरही असू शकते.

पहिल्या दोन बैठकांत मी निवृत्तीवर बोललो. रिकामपण, पेन्शन, गुडघे, मुलीचे लग्न. सगळे खरेच होते आणि त्यात मी कोठेच नव्हतो. बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचे नाव मी कितीतरी वर्गांना फळ्यावर लिहून दिले आहे : ‘जेव्हा मी जात चोरली होती’. त्या कथेतल्या माणसाला परक्या गावात जगायचे होते, म्हणून त्याने चोरली. मी बाराशे रुपये देऊन खरे बोलायला गेलो होतो, आणि तरीही चोरली. कोणी धमकी दिली नव्हती, कोणी विचारलेही नव्हते. न विचारण्यातच सगळी सोय होती, त्यांचीही आणि माझीही.

तिसऱ्या बैठकीत त्यांनी मला एक तक्ता दिला. त्यात रकाने आखलेले : प्रसंग, मनात आलेला विचार, भावना, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, आणि शेवटी संतुलित विचार. अमेरिकेतील ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या उपचारपद्धतीतून हा तक्ता आला आहे. अल्बर्ट एलिस यांची १९५५ पासूनची विवेकनिष्ठ पद्धती ही तिची थोरली बहीण, डॉ. कि. मो. फडके यांच्यामुळे ती महाराष्ट्रातील वाचकांना चांगली परिचित आहे. दोन्हींचे सूत्र असे की, घटना माणसाला जेवढी पोळते त्याहून अधिक त्या घटनेविषयी तो स्वतःशी जे बोलतो ते पोळते. तेव्हा ते बोलणे तपासा, पुराव्यावर घासून पाहा. मनाला अग्रस्थान देणाऱ्या धम्माच्या अनुयायाला हे सूत्र परके वाटण्याचे कारण नाही, आणि मलाही ते वाटले नाही. मी विचाराच्या रकान्यात लिहिले : ‘लोक मला मनातून कमी लेखतात.’ बाई म्हणाल्या, “छान. आता घरी जाऊन पुरावा लिहा.”

मी लिहायला बसलो. १९७१ : शाळेत पाणी वरून ओतीत. १९७८ : मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलैला झाला आणि त्या पावसाळ्यात मामाचे घर जळाले, मामी पोरांना घेऊन ज्वारीच्या रानात रात्रभर बसली. १९८४ : शहरात खोली पाहिली, पसंत पडली, मालकाने पूर्ण नाव विचारले, मग पाहुणे येणार असल्याचे त्याला आठवले. असे चार वेळा. १९९० : नोकरीचा पहिला आठवडा, शिक्षकांच्या खोलीत मी आत आलो आणि चालू असलेले वाक्य ‘बॅकलॉग’ या शब्दावर तुटले. रकाना संपला. मी पाठीमागच्या बाजूला लिहिले, मग वहीची दोन पाने जोडली. रात्रीचे दोन वाजले होते, पण त्या रात्री मी जागा राहिलो नव्हतो, जागत होतो; दोन्हींत फरक आहे. विरुद्ध पुराव्याच्या रकान्यात तीन ओळी झाल्या. त्याही खऱ्या आहेत. शाळेतल्या एका मराठा मित्राची आई मला चुलीपाशी बसवून जेवू घालीत असे, ही त्यांतली पहिली.

बाईंनी ती पाने सावकाश वाचली. मग म्हणाल्या, “सर, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“तुमच्या फॉर्ममध्ये जागा नव्हती,” मी म्हणालो. हे खरे नव्हते. शेवटच्या पानावर ‘इतर’ असे लिहून दोन ओळी सोडलेल्या होत्या.

त्यानंतर त्या जे बोलल्या त्यासाठी मी त्यांना पुष्कळ दिवस क्षमा केली नाही. त्या म्हणाल्या, “पण आता तसं राहिलं नाही ना? मग आज त्याचा त्रास कशाला करून घ्यायचा?” मी पैसे दिले आणि दीड महिना गेलो नाही.

त्या दीड महिन्यात मी एलिसविषयी मराठीत जे मिळाले ते वाचून काढले. त्याच्या मते मनाच्या पुष्कळशा यातनांचे मूळ ‘पाहिजेच’ या हट्टात आहे. ‘लोकांनी मला मानाने वागविलेच पाहिजे’ हा अविवेक. ‘वागविले तर बरे होईल’ हा विवेक. हे वाचताना मला २० मार्च १९२७ चे महाड आठवले. चवदार तळ्याकडे निघालेली माणसे पाणी मिळाले तर बरे होईल, असे म्हणत निघाली नव्हती. अस्पृश्यता नष्ट करणारे घटनेचे १७ वे कलम ही इच्छा नव्हे, ते ‘पाहिजेच’ आहे. आमचा सगळा इतिहास या एका क्रियापदावर उभा आहे, आणि येथे तेच रोगाचे लक्षण ठरते!

एलिसच्या बाजूने याला उत्तर देता येते. तो हट्ट सोडायला सांगतो, लढा सोडायला सांगत नाही. स्वतःला जाळून न घेणारा माणूस अधिक काळ लढतो, असे त्याचे अनुयायी म्हणतील. मला हे उत्तर अर्धे मान्य आहे. अर्धे अशासाठी की, कोणता ‘पाहिजेच’ सोडायचा आणि कोणता धरून ठेवायचा हे सांगायला समोरच्या माणसाला महाड ठाऊक असावे लागते. ज्याला ते ठाऊक नाही तो पुराव्याचा रकाना वाचून पाने परत देईल आणि संतुलित विचार मागेल. पुरावाच खरा निघाला तर काय करायचे, याचे उत्तर त्या तक्त्यात नाही. विचार विकृत नसून परिस्थिती विकृत आहे, अशी शक्यता धरणारा सातवा रकाना कोणी आखलेला नाही.

फ्रान्झ फॅनन हा स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होता, हे त्याचे नाव घेणारे आपले वक्ते सहसा विसरतात. १९५३ पासून तो अल्जेरियातील ब्लिदा येथील इस्पितळात काम करीत होता. १९५६ मध्ये त्याने राजीनामा दिला. ज्या राजवटीत माणूस आपल्याच भूमीत परका होतो तेथे त्याला बरा करून पुन्हा त्याच राजवटीत धाडायचे, हे त्याला पटेनासे झाले. आपल्यातील काहीजण यावरून असा निष्कर्ष काढतात की, उपचार म्हणजे शरणागती. तो चुकीचा आहे. राजीनामा देईपर्यंतची तीन वर्षे फॅनन रोज रुग्ण पाहत होता.

येथे आपल्या माणसांविषयीही बोलले पाहिजे. चळवळीतल्या एका जुन्या मित्राला मी पुढे हे सगळे सांगितले. तो म्हणाला, “आपल्याला काय धाड भरलीय? व्यवस्था वेडी आहे, तिला न्या डॉक्टरकडे.” टाळी घेणारे वाक्य आहे; मीही सभांतून अशी वाक्ये टाकली आहेत. पण रात्री दोन वाजता व्यवस्था जागी नसते, माणूस जागा असतो. बाबासाहेबांचे रक्त आहे, रडायचे नाही, असे आपण पोरांना सांगतो. खुद्द बाबासाहेबांनी बडोद्याच्या पारशी पथिकाश्रमातून हाकलले गेल्याची हकीकत लिहिताना, अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग आठवला की डोळे भरून येतात, असे मोकळेपणाने नोंदविले आहे. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले तेव्हा त्यातल्या दगडूचे ऐकून घेणारा पहिला श्रोता दया पवार हाच होता. एकाच माणसाचे दोन भाग करून एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, अशी ती रचना आहे. समीक्षकांनी तिची चर्चा निवेदनाची युक्ती म्हणून केली. मला आता वाटते, ऐकायला दुसरे कोणी नव्हते म्हणून ती तशी झाली. आणि पुस्तक आल्यावर आपल्याच सुशिक्षितांनी ‘हा उकिरडा कशाला उपसला’ म्हणून नाके मुरडली, हेही विसरू नये.

उलट बाजूने एक धोका आहे आणि तो अधिक मोठा आहे. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला, डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी गेली. त्या दोघांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती शिक्षणसंस्थांतील जातिभेद रोखणाऱ्या यंत्रणेसाठी. अशा मृत्यूनंतर संस्थांना मात्र समुपदेशनाची खोली उघडणे सोपे जाते. खोली उघडली की प्रश्न विद्यार्थ्याच्या मनाचा होतो, संस्थेचा राहत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी दोन अर्ज वेगळे ठेवावेत. भेदभावाची तक्रार लेखी, तारखेसह, पोच घेऊन करावी. आणि मुलाला ऐकणारे माणूस वेगळे शोधावे. एक केले म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

दीड महिन्याने मी परत गेलो. झोप अजून आली नव्हती, दुसरे कारण सांगण्यात अर्थ नाही. बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मागच्या वेळी मी चुकले. खरं सांगू का सर, मला एम.ए.ला हे कुणी शिकवलंच नाही.” माझा उपचार त्या दिवशी सुरू झाला असे मी धरतो. आणखी नऊ बैठका झाल्या. स्वप्न अजून अधूनमधून पडते, पण पाच तास झोप लागते. त्या परीक्षकांना मी आता स्वप्नात प्रश्न विचारायला सांगतो, असे काही घडलेले नाही. मी फक्त कूस बदलून झोपतो.

फॉर्ममध्ये जातीचा रकाना घाला, अशी मागणी करावी काय? मी यावर पुष्कळ विचार केला. करू नये. काउंटरवरच्या मुलीसमोर, शेजारी चार माणसे बसली असताना, मी त्या रकान्यातही खोटेच लिहिले असते. रकान्यांनी आपल्याला कमी छळलेले नाही. पहिल्या बैठकीत, दार लावल्यावर, समुपदेशकाने आपण होऊन सांगावे की येथे जातीविषयी बोलता येते. एवढे एक वाक्य पुरे आहे, आणि ते अभ्यासक्रमात शिकविले गेले पाहिजे. कायद्याला ते परके नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात भेदभावाला मनाई करताना लिंग, धर्म, वर्ग यांच्या जोडीला जात हा शब्द स्पष्ट घातलेला आहे. कोणाची सामाजिक स्थिती पाहून, किंवा तो आपल्या समाजातल्या रूढ मूल्यांप्रमाणे वागत नाही म्हणून, त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही असेही त्यात आहे. कायद्यात आलेला शब्द अजून त्या चार पानांत आलेला नाही.

मागच्या रविवारी मी त्या मुलाला बोलावून घेतले आणि आधी माझे सांगितले. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग कामाचे बोललो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीचा डॉक्टर. गोळ्या तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक मागायला लाजू नये. ‘समुपदेशक’ या पाटीमागे किती शिक्षण आहे ते पाटीवरून कळत नाही, विचारावे लागते. फी किती, सवलत आहे काय, अंदाजे किती बैठका, हे पहिल्या दिवशी विचारावे. सांगितलेले गुप्त राहते, पण जिवाला धोका दिसला तर ते कोणाला कळवतील, हेही आधीच विचारून ठेवावे. आपले उपचाराचे कागद मागण्याचा हक्क आपल्याला आहे. महाविद्यालयाने नेमलेला समुपदेशक असेल तर तो प्राचार्यांना काय कळवतो, हा प्रश्न सर्वांत आधी. माणूस पटला नाही तर बदलावा. दोन-तीन बैठकांत ते कळते. पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, आणि १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून आहे; तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो, त्यावर मराठीत बोलता येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचत नसल्याचे आढळले होते. म्हणजे तो फॉर्म हाती येणे हीसुद्धा आपल्याकडे थोड्यांच्या वाट्याची गोष्ट आहे.

त्याने हे सगळे वहीत उतरून घेतले. मग पेन बंद करून म्हणाला, “सर, पण जात पहिल्याच दिवशी सांगू का?”

मी म्हणालो, “तू सांगू नकोस. आधी त्यांना विचार, इथं जातीबद्दल बोललं तर चालंल का म्हणून. अन् उत्तर येईस्तोवर त्यांच्या तोंडाकडं बघ. मग तूच ठरव.”

गुरुवारी साडेचारची वेळ मिळाली आहे. मी बाहेर बाकावर बसणार आहे.